अकरा वेळा एक जानेवारी

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की आहेर काका उजव्या हाताचं बोट वर करायचे. म्हणजे सगळ्यांनी गप्प. मग समोर कोणीही असो, चहावाला, वॉचमन, नाहीतर खुद्द पाठक साहेब, त्याने तोंड मिटून उभं राहायचं. काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात पांढरे आकडे भराभर वर चढायचे, मशीन स्वतःची मेमरी मोजायचं, पुढे ‘ओके’ उमटायचं आणि त्या पत्र्याच्या डब्यातून एक बीप यायची. एकच, आणि तीही छोटी. की बोट खाली. "हाऊ जित्ता शे. आते बोला!"

काका सटाण्याकडचे. नाशकात येऊन तीस वर्षं झाली होती, आमच्याशी अगदी पुस्तकी मराठी बोलायचे, पण मशीनविषयी बोलायची वेळ आली की त्यांच्या तोंडून घरची अहिराणीच यायची. माणसांशी एक भाषा आणि डब्याशी दुसरी, हे मला पहिल्या दिवसापासून चमत्कारिक वाटलं. तसं काकांचं एकूण सगळंच मला चमत्कारिक वाटायचं. आज त्यांच्याविषयी लिहायला बसलेय खरी, पण आधीच सांगून ठेवते, हा माणूस मला पुरता कळला असं काही मी म्हणणार नाही.

नव्वदच्या दशकाची ती मधली वर्षं. सिन्नरच्या एमआयडीसीत विजेच्या सामानाला लागणाऱ्या कॉइल बनवणारा एक कारखाना होता, तिथे मी टाइम ऑफिसात लागले. टायपिंगच्या दोन परीक्षा आणि सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स, एवढी माझी विद्या. सकाळी नाशकातल्या द्वारका चौकात कंपनीची बस पकडायची आणि सिन्नर येईपर्यंत डुलक्या काढायच्या. पहिल्याच दिवशी आकडे मोजणं चालू असताना मी विचारलं, "काका, माझं टेबल कुठलं?" बोट वरच. बीप झाल्यावर म्हणाले, "ताई, विमान उडायच्या आधी तपासणी चालते, तेव्हा कोणी पायलटशी गप्पा मारतं का?"

"पण हा डबा कुठे उडणार आहे?"

"उडत नाही म्हणून तर तुम्ही त्याच्यासमोर बसायला तयार झालात." हे गंभीर चेहऱ्याने. विनोद केला की टोमणा मारला, कळायला मार्ग नाही.

विमानाचं वेड त्यांना ओझरहून लागलेलं. तिथल्या विमानांच्या कारखान्यात त्यांनी वीस-बावीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्सचं काम केलं, मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन आमच्याकडे आले. वीज, टेलिफोन आणि तीन कॉम्प्युटर, सगळं त्यांच्याच गळ्यात. ओझरला म्हणे एक कपाटाएवढं मशीन होतं, त्याला रोज सकाळी हाताने उठवावं लागायचं. समोर खटक्यांची रांग. कागदावर बघून खटके वर-खाली करायचे, एकेक आकडा आत सोडायचा, तेव्हा कुठे त्याला आपण मशीन आहोत हे आठवायचं. "एक खटका चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तान्ह्या पोराला रोज नव्याने ‘तू कोण’ हे शिकवायचं, तसं." मग चिप आली. तिच्यात ती उठायची विद्या कायमची भरलेली. तसली एक जुनी चिप त्यांच्याकडे होती, पाठीवर काचेची इवलीशी खिडकी आणि खिडकीवर कागदी चिकटपट्टी. ती पट्टी मी सहज नखाने उचकटायला गेले तर हातावर चापट बसली. "डोळा उघडू नका तिचा! फार दिवस ऊन लागलं की सगळं विसरते ती."

आता सांगा, उन्हाने विसरणारी वस्तू! मला वाटलं माझी फिरकी घेताहेत. घरी येऊन भावाला विचारलं, तो इंजिनिअरिंगला होता. तो म्हणाला, खरंय. म्हणजे काका थट्टा करायचे तेव्हा ते खरं वाटायचं आणि खरं सांगायचे तेव्हा थट्टा. माझा कायमचा गोंधळ.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खोडरबर असायचं. एकदा स्टोअरमधलं मशीन उठेना. एक लांब बीप आणि दोन आखूड, पुन्हा एक लांब आणि दोन आखूड. काका व्हरांड्यात चहा पीत होते, तिथूनच ओरडले, "डोळे गेले त्याचे, डोळे!" मग आत आले, डब्याचं झाकण काढलं, पडद्याला चित्र पुरवणारं कार्ड उपसलं, त्याच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासलं, फुंकर मारली, बसवलं. बटण. बोट वर. आकडे. बीप. स्टोअरकीपर हात जोडून म्हणाला, "काका, तुम्हाला सिद्धी आहे." काका चिडले. "सिद्धी कसली? ओरडून सांगत होतं ते. तुम्ही ऐकत नाही. सांगणाऱ्याचं ऐकावं माणसानं." हे त्यांचं पालुपद. सांगणाऱ्याचं ऐकावं. दिवसातून चार वेळा तरी.

आता लक्ष्मीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच घडलं.

लक्ष्मी गावित पेठकडची. बावीस-तेवीसची असेल. कॉइल गुंडाळण्यात तिच्यासारखा हात अख्ख्या हॉलमध्ये कोणाचा नव्हता, आणि तरी ती टेंपररी. आमच्याकडे नियम असा की टेंपररी माणसाने वर्षात ठरलेले दिवस भरले तर त्याला पर्मनंट करावं लागे. मग कंपनी काय करायची? दिवस भरायला आठ दिवस उरले की कॉम्प्युटर नावांची यादी काढून द्यायचा आणि यादीतल्या माणसाला सांगायचं, सोमवारपासून येऊ नको, दीड-दोन महिन्यांनी ये. याला सगळे ‘ब्रेक’ म्हणायचे. पुन्हा आलं की मोजणी पहिल्यापासून. लक्ष्मीला असे तीन ब्रेक लागले होते. ब्रेक लागला की ती दिंडोरीकडे द्राक्षमळ्यात कामाला जायची, फवारणीने हात सोलवटून घ्यायची आणि परत आली की तेच हात घेऊन बारीक तारेच्या कॉइली. गावी आई अंथरुणाला खिळलेली. पर्मनंट झाली तर आईला नाशकात आणणार, खोली घेणार, हे ती सगळ्यांना सांगायची. मला तर रोज विचारायची, "ताई, माझं किती दिस झालं?"

मी सांगायची. मला काय, स्क्रीनवर बघायचं आणि सांगायचं. यादीही मीच छापायची. त्यात काही वाईट आहे असं तेव्हा मनात आलं नव्हतं, खोटं कशाला बोलू! काकांनी मात्र एकदा पाठक साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्या ब्रेकवरून वाद घातला होता. पाठक साहेब म्हणजे आमचे पर्सोनेल ऑफिसर, दिसायला सौम्य, बोलायला त्याहून सौम्य. ते म्हणाले, "आहेर, तुम्ही मशीन बघा. माणसं मी बघतो." काका मुकाट्याने बाहेर आले.

त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास काकांच्या मुलीचं लग्न होतं, गावी. दोन आठवड्यांची रजा. जायच्या आधीचा आठवडाभर मी बघत होते, काका रोज सकाळी मनगटावरच्या घड्याळाशी कॉम्प्युटरची वेळ ताडून बघायचे आणि ‘मागं पडतंय’ असं पुटपुटत ती सरळ करायचे. मी म्हटलं, लग्नाची घाई, माणूस घड्याळ बघणारच. जाताना मला म्हणाले, "ताई, सांभाळा."

"काय सांभाळू?"

"सगळंच." आणि गेले.

तर बघा, आमची पद्धत अशी होती. कामगार आत येताना आपलं पितळी टोकन गेटवरच्या फळीला लावायचा. मी फळी बघून एकेक नंबर कॉम्प्युटरमध्ये टाइप करायची. तारीख घालायची नाही, ती मशीन स्वतःच घालायचं. कागदी हजेरीपट कंपनीने मोठ्या अभिमानाने बंद केला होता. काका गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं तर आकडे मोजून झाल्यावर एक बीप आली, पण मशीन पुढे सरकेना. पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी आणि खाली, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. बाहेर गेटवर गर्दी, वॉचमन ओरडतोय. मी एफ-वन दाबला. झालं, चालू! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा एफ-वन. तिसऱ्या दिवसापासून तर मी पर्स ठेवता ठेवता डाव्या हाताने एफ-वन दाबायला लागले. मला वाटलं, उठायची हीच रीत असेल, आजवर काका दाबत असतील. वरच्या ओळी वाचायच्या असतात हे डोक्यातही आलं नाही. कर्म माझं!

काका परतले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. पुडा माझ्या टेबलावर ठेवला, मशीनचं बटण दाबलं, बोट वर केलं. आकडे. ओके. बीप. आणि त्या ओळी आल्या. बोट तसंच वर राहिलं.

"ताई, हे किती दिवसांपासून येतंय?"

"काय?"

"हे. काय लिहिलंय, वाचा."

मी वाचलं. घड्याळाची बॅटरी संपली आहे. तारीख आणि वेळ लावलेली नाही.

"ते रोजच येतं की," मी म्हटलं. "एफ-वन दाबायचा असतो ना?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेढ्यांचा पुडा बाजूला सारला. मग त्यांनी मला समजावलं. डब्यात रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज बंद असताना मशीनचं घड्याळ तिच्यावर चालतं. ती मेली की मशीनला रात्रीत विसर पडतो आणि सकाळी उठून ते समजतं, आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. त्याच्या लेखी काळ तिथूनच सुरू होतो. कामाचे दिवस अकरा झाले होते. म्हणजे अकरा सकाळी त्याला वाटलं की आज एक जानेवारी ऐंशी, आणि मी टाइप केलेली सगळ्या कारखान्याची हजेरी त्या एकाच तारखेखाली जाऊन बसली. लक्ष्मी त्या एका दिवशी अकरा वेळा कामावर आली होती, तेही मध्यरात्री! ऐंशी साली ती पाच-सात वर्षांची, पेठच्या डोंगरात करवंदं खात असेल.

काकांनी ड्रॉवर उघडला, नवी बॅटरी काढली, बसवली, तारीख लावली. पाच मिनिटांचं काम.

गोंधळ पुढे होता. आता मोजणी पुन्हा सुरू झाल्यावर त्याच दुपारी मशीनने इतके दिवस अडकलेली यादी काढली. तिच्यावर एकच नाव. ते अकरा दिवस धरले तर लक्ष्मीचे दिवस भरून वर तीन जास्त. नाही धरले तर आठ कमी. पाठक साहेबांनी कागद बघितला आणि नेहमीच्या सौम्यपणे म्हणाले, "ऐंशी सालच्या नोंदी म्हणजे कचरा. पुसून टाका. पर्मनंट लोकांना ते दिवस हजर धरा, नाहीतर युनियन उगाच बोंबलेल. टेंपररींचा पुरावा नाही. गावितला सोमवारपासून ब्रेक."

काकांनी नोंदी पुसल्या नाहीत. छापल्या. त्या खरखरणाऱ्या प्रिंटरवर, रोज टाइप झाल्या त्या क्रमाने, अकरा याद्या एकाखाली एक, भोकाभोकांच्या कडांचा कागद जमिनीवर लोळेपर्यंत. तो गठ्ठा काखेत मारून आणि मला बरोबर घेऊन ते केबिनमध्ये गेले. त्यांनी कागद टेबलावर पसरला आणि सहाव्या यादीवर बोट ठेवलं. "साहेब, ही बघा. या दिवशी निम्मा हॉल रिकामा. आमच्या सटाण्या-देवळ्याकडचा एक नंबर नाही, पेठ-सुरगाण्याचा नाही. कोणता दिवस हा? आखाजी! रजेचे अर्ज तुमच्याकडेच आहेत, लावून बघा. सहावी यादी आखाजी, तर पहिली कोणती आणि अकरावी कोणती ते आपोआप आलं. आणि पेठची ही एकटी पोरगी त्या दिवशीही हजर आहे."

पाठक साहेबांनी अर्ज लावून बघितले. जुळलं. मग म्हणाले, "हे नंतर कोणी टाइप केलं नाही कशावरून?"

मला वाटलं आता काका म्हणतील, मी सांगतो, माझी जबाबदारी, बॅटरी माझी. सिनेमात तसंच होतं ना? काका माझ्याकडे वळले. "बॅटरी मेली हे मी सांगू शकतो. अकरा दिवस मशीनने सांगितलं आणि तरी पुढे गेलात, रोज नंबर टाकलेत, हे फक्त तुम्हीच सांगू शकता, ताई."

माझं प्रोबेशन चालू होतं. दोन महिन्यांत मी कायम होणार होते. लेखी कबुली द्यायची म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. ब्रेकचं कळून लक्ष्मी केबिनच्या दारात येऊन उभी होती, मी तिच्याकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली, कॉइल गुंडाळावी तशी. मला तिचा राग आला, काकांचा त्याहून आला. आणि मी लिहून दिलं. रोज सूचना येत होती, मी ती न वाचता एफ-वन दाबला, हजेरी त्याच दिवशी त्याच वेळी भरली. खाली सही. सही माझी मलाच ओळखू येईना.

लक्ष्मी पर्मनंट झाली. मला मेमो मिळाला आणि प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. म्हणजे ब्रेक मलाच लागला म्हणा ना. घरी आईने दोन दिवस बोलणं बंद केलं. काका मात्र दुसऱ्या सकाळी काही झालंच नाही अशा थाटात बोट वर करून उभे.

तेवढ्यावर ते संपलं असतं. पण त्याच आठवड्यात बसमध्ये, शिंदे-पळसे ही गावं मागे पडली आणि माझ्या डोक्यात एकदम आलं, नवी बॅटरी ड्रॉवरमध्ये होती! आधीपासून होती. आणि रजेच्या आधी आठवडाभर घड्याळ मागे पडत होतं हे त्यांनी स्वतः बघितलं होतं. विमानाचा प्रत्येक स्क्रू दोनदा तपासणारा माणूस मरायला टेकलेली बॅटरी तशीच ठेवून लग्नाला जातो? विसरले? की मुद्दाम? मुद्दाम, तर ते लक्ष्मीसाठी, की मला धडा शिकवायला? मला विचारायचं धाडस झालं नाही. आज विचारू, उद्या विचारू करता करता वर्षं गेली, आणि मी त्यांच्याशी कधी अतिप्रेमाने, कधी तुटकपणे वागत राहिले. बिचारे काका! त्यांना वाटलं असेल, ही बाई अशीच.

मधल्या काळात मशीनं बदलत गेली. दोन हजार साल जवळ आलं तेव्हा सगळीकडे हाकाटी, कॉम्प्युटरला नवं शतक कळणार नाही. काकांनी फ्लॉपीवरून चिपमध्ये नवा मजकूर भरला. खिडकीची चिप जाऊन आता अशी आली होती की तिचं आतलं सगळं फ्लॉपीने बदलता यायचं. भरणं चालू असताना वीज जाऊ नये म्हणून त्यांनी वॉचमनला मेन स्विचपाशी उभं केलं होतं, मध्येच गेली तर मशीन कायमचं आंधळं. काम झालं तरी काका नाखूष. "उठायची विद्या बाहेरून बदलता येते, हे काही खरं नाही. आज आपण बदलली, उद्या कोणी चोर बदलेल." आणि खरंच, अशा तऱ्हेचा एक व्हायरस आमच्या स्टोअरच्या मशीनमध्ये शिरला आणि एका सकाळी बीप नाही, आकडे नाहीत, काही नाही. काकांनी शेजारच्या मशीनची तसलीच चिप, मशीन चालू असताना, चिमट्याने उपसली, तिच्या जागी मेलेली चिप बसवली आणि चालत्या मशीनकडून तिच्यात पुन्हा सगळं भरून घेतलं. "चालत्या बैलगाडीचं चाक बदललं," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मग रंगीत चित्रं आली. बटण दाबलं की कंपनीचं मोठं बोधचिन्ह पडदा व्यापून बसायचं आणि आकडे त्याच्यामागे. काका ते चित्र बंद करून ठेवायचे. कोणी ना कोणी पुन्हा चालू करायचं, छान दिसतं म्हणून. ते निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना शाल-श्रीफळ दिलं. भाषण करा म्हटलं तर उठले आणि म्हणाले, "सांगणाऱ्याचं ऐकावं," आणि खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही, कोणाला कळेना.

नंतर चार-पाच वर्षांनी ते आजारी असल्याचं कळलं, तेव्हा मी ओझरला त्यांच्या घरी गेले. नुकताच लॅपटॉप घेतला होता, मुद्दाम बरोबर नेला. काका खाटेवर उशीला टेकून बसलेले, अगदी वाळलेले. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला, बटण दाबलं. त्यांचं बोट आपोआप वर गेलं. मी गप्प. बोधचिन्ह आलं, गेलं, निळा पडदा आला. आवाज नाही. बोट वरच राहिलं, हाताला कापरं भरलं तरी.

"काका, झालं चालू."

"बीप?"

"आता नसते."

"मोजलं?"

"मोजत असेल. दाखवत नाही."

त्यांनी हात खाली घेतला. "मग बिघडलं तर सांगतं तरी का?" त्यांचा तो खाली आलेला हात बघून मला एकदम भडभडून आलं आणि इतक्या वर्षांचं ते तोंडातून निघून गेलं. "काका, ती बॅटरी. नवी ड्रॉवरमध्ये होती ना? मग जायच्या आधी का नाही बदललीत?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत तेच, थट्टा की खरं, न कळणारं. मग म्हणाले, "मशीनने अकरा दिवस सांगितलं, ताई. एफ-वन कोणी दाबला?"

मी हसले, आणि चिडले, आणि रडले, सगळं एकाच वेळी. काकू चहा घेऊन आल्या आणि गडबडून गेल्या, काय झालं म्हणून. ती आमची शेवटची भेट. महिन्याभरात काका गेले.

तेराव्याला ओझरला गेले तर लक्ष्मी आलेली. आता ती हॉलची सुपरवायझर होती, अंगाने भरलेली, केसांत पांढरी बट. आई शेवटची सहा वर्षं नाशकात तिच्याजवळ राहून गेली होती. आम्ही ताटं घेऊन मांडवाच्या कडेला खुर्च्यांवर बसलो. मी म्हटलं, "लक्ष्मी, काका विसरले होते गं ती बॅटरी, की मुद्दाम ठेवली? मला मरेपर्यंत कळायचं नाही."

तिने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "तुमाला नाय सांगितलं? लग्नाला जायच्या आदल्या दिवशी मला हॉलात येऊन म्हनले, पोरी, मी येईपत्तर एक बी दिस चुकवायचा नाय. आखाजीला समदी घरी जातील, तू जाऊ नको. आन कोनी काय बोललं तरी यायचं. मला तवा काय बी कळलं नाय. म्हनलं, काका सांगतात, ऐकावं."

पुढ्यातली खीर गार झाली.

म्हणजे त्यांनी ठरवून केलं होतं. घड्याळ किती मागे पडतंय यावरून बॅटरी कधी जाणार याचा अंदाज बांधला, यादी निघायचा आठवडा रजेत येईल हे बघितलं, आखाजी मध्ये येते हे बघितलं. ज्या मशीनला ते आयुष्यभर खरं बोलायला लावत आले, त्याला दोन आठवडे चुकू दिलं. सगळं जुळवलं. पण एक गोष्ट तरी राहतेच. मी पहिल्याच दिवशी त्या ओळी वाचल्या असत्या आणि कोणाला बोलावून तारीख लावून घेतली असती, तर यादी वेळेवर निघाली असती आणि लक्ष्मीला चौथा ब्रेक लागला असता. सांगणाऱ्याचं ऐकावं म्हणून माझ्यामागे लागलेल्या त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं की ही बाई ऐकणार नाही. आणि पुढे केबिनमध्ये लिहून मात्र देईल, हेही ठाऊक होतं. पहिल्याचा मला राग यावा की दुसऱ्याचा आनंद व्हावा? मी दोन्ही करून बघते. कुठलंच नीट जमत नाही.

लक्ष्मी हात धुऊन आली आणि म्हणाली, "चला ताई, बसस्टॉपपत्तर सोबत जाऊ." वाटेत तिने माझा हात धरला. तारेने घट्टे पडलेली तिची बोटं. लक्ष्मीला पर्मनंट करायला काकांकडे दोनच गोष्टी होत्या, एक मरायला टेकलेली बॅटरी आणि एक मी. दोघींनीही त्यांना दगा दिला नाही.